साखर काढली की बार का मोडतो: नट्स-खोबऱ्याच्या लो-कार्ब प्रोटीन बारच्या नोंदी

२ फेब्रुवारी

बार घरी करायचेत. अटी आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर जे जमेल त्यालाच आपण "हेच हवं होतं" म्हणून मोकळे होतो. एक बार ५० ग्रॅमचा. नेट कार्ब (फायबर आणि अंगी न लागणारी स्वीटनर वजा करून उरतात ते कार्ब) ४ ग्रॅमच्या आत. चार-पाच दिवसांनी पण दातांनी सहज तुटला पाहिजे आणि पिशवीत टाकला तर भुगा नाही व्हायला पाहिजे. आणि प्रोटीन इतकं की एकूण कॅलरीजपैकी निदान २० टक्के प्रोटीनमधून आल्या पाहिजेत.

हे २० टक्के मनाने नाही काढलं. युरोपियन युनियनचा नियमच असाय की पदार्थावर "प्रोटीनचा स्रोत" लिहायचं तर कमीतकमी १२ टक्के एनर्जी प्रोटीनमधून हवी आणि "हाय प्रोटीन" लिहायचं तर २०. मला ही पद्धत पटते कारण ग्रॅमचा आकडा बार मोठा केला की आपोआप वाढतो, टक्का नाही वाढत.

चाखायला दादा आहे. तो रोज जिमला जातो, आवडलं नाही तर तोंडावर सांगतो, म्हणून चांगला.

३ फेब्रुवारी

आज नुसती आकडेमोड. सगळे आकडे १०० ग्रॅमचे, अंदाजे. बदाम: प्रोटीन २१, फॅट ५०, कार्ब २२ पण त्यातले साडेबारा फायबर, म्हणजे नेट साडेनऊच्या आसपास. अक्रोड: प्रोटीन १५, फॅट ६५, नेट ७. भोपळ्याच्या बिया: प्रोटीन ३०, नेट ५ च्या आत, आणि यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही याचं आश्चर्य वाटतं. काजू बाद, कार्ब ३० आणि फायबर जेमतेम ३. शेंगदाण्यात प्रोटीन २६ आहे, चांगलंय, पण दादा शेंगदाण्याला हात लावत नाही त्यामुळे विषय संपला. बिनसाखरेचा सुक्या खोबऱ्याचा कीस: प्रोटीन फक्त ७, फॅट ६४-६५, कार्ब २४ आणि त्यातलं फायबर १६.

लेबल वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवायची. अमेरिकन पद्धतीच्या लेबलवर कार्बच्या आकड्यात फायबर धरलेलं असतं म्हणून नेट काढायला ते वजा करायचं. युरोपियन लेबलवर कार्बमध्ये फायबर धरलेलंच नसतं, तिथे परत वजा केलं तर कागदावर बार एकदम हेल्दी होतो, पोटात तेवढाच राहतो.

४ फेब्रुवारी

प्रोटीन पावडर न घातलेला बार. मुद्दाम आधी हाच केला, कारण "नट्समध्ये भरपूर प्रोटीन असतं" हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं तर बघू तरी. बदाम १५०, अक्रोड ५०, भोपळ्याच्या बिया ५०, खोबऱ्याचा कीस ८०, बदाम बटर १००, खोबरेल तेल ३०, एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी वापरायचं, जवळजवळ बिनकॅलरीचं स्वीटनर) ४०. एकूण ५०० ग्रॅम, दहा बार.

चव सुंदर. हिशोब मात्र असा: एका बारमध्ये प्रोटीन ८ ग्रॅम, फॅट २७ ग्रॅम, कॅलरीज साधारण २९०. प्रोटीनचे ८ गुणिले ४ म्हणजे ३२ कॅलरीज, २९० पैकी. ११ टक्के! "प्रोटीनचा स्रोत" म्हणायची पण पात्रता नाही. नेट कार्ब साडेतीन, तेवढं बसलं.

म्हणजे नट्स आणि खोबऱ्याचा बार हा मुळात फॅटचा बार आहे. त्यात वाईट काही नाही, कीटो (अगदी कमी कार्ब, भरपूर फॅटचा आहार) करणाऱ्याला तेच हवं असतं, पण त्याला प्रोटीन बार म्हणू नये. प्रोटीन बाहेरून घालावंच लागणार.

आणि बार धरत नाहीये. फ्रिजमधून काढला की कडक, दहा मिनिटं बाहेर ठेवला की तेलकट आणि मग तुकडे. एरिथ्रिटॉल दाताखाली वाळूसारखं येतंय, वर जिभेला थंडगार लागतं. दादा म्हणाला, "टूथपेस्ट घातलीस का गं यात?"

६ फेब्रुवारी

तो थंडपणा का येतो ते सरळ आहे, एरिथ्रिटॉल विरघळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतं आणि ती जीभ आपली असते. दुसरं म्हणजे ते पाण्यात फार विरघळत नाही. साध्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात साखर २०० ग्रॅमपर्यंत विरघळते, एरिथ्रिटॉल त्याच्या खूपच आधी थांबतं. गरम असताना सगळं छान पारदर्शक दिसतं पण गार झालं की खडे परत बाहेर येतात.

खरा मुद्दा इथेच आहे. आपण साखर काढतो तेव्हा डोक्यात फक्त गोडी असते. पण बारमध्ये साखर, मध किंवा खजूर जे काय असेल ते तीन कामं करतं. एक, दाणे एकमेकांना चिकटवतं. दोन, पाणी धरून ठेवतं म्हणून बार मऊ राहतो. तीन, ते पाणी धरून ठेवल्यामुळेच बुरशीला वापरायला पाणी उरत नाही, म्हणून बार टिकतो. गोडी हे चौथं काम आणि सगळ्यात सोपं, ते चिमूटभर स्टीव्हिया पण करेल. लो-कार्ब रेसिपीत साखरेच्या जागी "आवडीचं स्वीटनर" लिहून सोडून देतात ना, तिथेच सगळं बिघडतं. पहिली तीन कामं कोण करणार ते आधी ठरवलं पाहिजे.

खजूर घातला तर तिन्ही कामं होतात पण १०० ग्रॅममध्ये ७५ ग्रॅम कार्ब. बार नको मग, खजूरच खावा.

९ फेब्रुवारी

बाइंडरचा दिवस. छोट्या वाट्यांमध्ये तेच नट्स तोच कीस घेऊन प्रत्येकात वेगळं चिकटवणारं घातलं, झाकून ठेवलं, संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी बघितलं.

इसबगोल पाण्यात भिजवून: धरतं, पण बुळबुळीत, आणि पाणी इतकं लागतं की बार टिकणार नाही. चिया तसंच, वर करड्या रंगाचं दिसतं. इन्युलिन म्हणजे चिकोरीच्या मुळातलं फायबर, त्याचं घट्ट सिरप केलं: चव छान, चिकटपणा पण चांगला, पण एका बारमध्ये जेवढं लागेल तेवढं खाल्लं तर बऱ्याच लोकांचं पोट फुगणार. थोडं चालेल, सगळा भार त्याच्यावर नको. ग्लिसरीन (खाण्याचं, दुकानात दुसरं पण मिळतं ते नाही): बार अगदी मऊ, पाणी धरून ठेवण्यात एक नंबर, पण घशात जरा जळजळीत गोड लागतं आणि ग्रॅमला ४.३ कॅलरीज आहेतच.

अॅल्युलोज (साखरेचाच एक दुर्मिळ प्रकार): हे जमलं. पाण्यात साखरेसारखं भरपूर विरघळतं, खडे परत येत नाहीत, सिरप नीट चिकट होतं, साखरेच्या ७० टक्के गोड आणि ग्रॅमला ०.४ कॅलरी. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) तर लेबलवर ते एकूण साखरेत आणि अॅडेड शुगरमध्ये धरलं नाही तरी चालेल असंच सांगितलंय. काही देशांत त्याला अजून परवानगी नाही, तिथे इन्युलिन आणि थोडं ग्लिसरीन असं मिसळून करावं लागेल.

तीन गोष्टी घेतल्याच नाहीत. मल्टिटॉल हे स्वीटनर, कारण "शुगर फ्री" लिहिलेलं असलं तरी त्याचा ग्लायसेमिक इंडेक्स (रक्तातली साखर किती वाढते त्याचा आकडा, ग्लुकोजचा १००) ३५ च्या आसपास आहे, त्याच्या सिरपचा त्याहून जास्त, आणि पोटाला काय करतं ते ज्याने एका दमात अख्खं शुगर फ्री चॉकलेट संपवलंय त्याला विचारा. आणि आयएमओ म्हणजे आयसोमाल्टो-ऑलिगोसॅकराइड सिरप. हे बरीच वर्षं बारमध्ये फायबर म्हणून मिरवलं, पण त्यातला बराच भाग पचतो आणि रक्तातली साखर वाढवतो. २०१८ मध्ये एफडीएने फायबरच्या यादीत भर घातली तेव्हा आयएमओ त्यात नव्हतं. झायलिटॉल हे स्वीटनर पण नको, घरात कुत्रा असेल त्यांनी तर अजिबात नको, कुत्र्यांना ते विषारी आहे.

१२ फेब्रुवारी

व्हे आयसोलेट (दुधातल्या व्हे प्रोटीनची, जवळजवळ नुसत्या प्रोटीनची पावडर) घालून केलं. ताजा बार अप्रतिम, मऊ, चावायला मजा. दादाने दोन खाल्ले.

१४ फेब्रुवारी

तोच बार आज वीट झालाय. फ्रिजमधला पण, बाहेरचा पण.

वजन केलं तर जवळजवळ तेवढंच आहे, म्हणजे पाणी उडून नाही गेलं, बारच्या आतच जागा बदललीये त्याने. सिरपमधलं पाणी हळूहळू प्रोटीनच्या कोरड्या कणांमध्ये शिरतं, सिरप घट्ट होत जातं, आणि प्रोटीनचे कण एकमेकांना धरून जाळं करतात. कारखान्यात बनणाऱ्या बारची पण हीच जुनी डोकेदुखी आहे. त्यावर ते हायड्रोलाइज्ड म्हणजे आधीच तुकडे केलेलं प्रोटीन वापरतात, ते मऊ राहतं पण कडू लागतं, किंवा कोलॅजन घालतात. कोलॅजनने बार मस्त चिवट-मऊ राहतो, लेबलवर प्रोटीनचा आकडाही वाढतो, फक्त त्यात ट्रिप्टोफॅन हे अमिनो अॅसिड नसतं, म्हणजे ते पूर्ण प्रोटीन नाही. आकडा भरायला मी ते घालणार नाहीये.

माझ्याकडे दोन उपाय आहेत. एक, व्हेचं प्रमाण पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ द्यायचं नाही. दोन, मिसळायचा क्रम बदलायचा: आधी बदाम बटर आणि व्हे एकत्र मळायचं म्हणजे प्रत्येक कणावर फॅटचा हात फिरतो, मग सिरप. पाणी शिरायला वेळ लागेल असा अंदाज.

१५ फेब्रुवारी

सिरपच्या तापमानाचं. उकळतं सिरप थेट व्हेवर ओतलं तर गुठळ्या होतात आणि रबरासारखं लागतं कारण व्हेचं प्रोटीन साधारण ७० अंशांच्या वर गेलं की उलगडून एकमेकांना चिकटायला लागतं. बोट बुडवून धरता येईल इतकं कोमट झाल्यावरच घालायचं. जिममध्ये एक जण दादाला सांगत होता की व्हे गरम केलं की "प्रोटीन मरतं". मरत बिरत काही नाही, अमिनो अॅसिड तीच राहतात आणि पचतात पण, फक्त बारचा पोत बिघडतो. त्याच कारणाने बेक केलेल्या बारची कल्पना सोडली, कोरडे पडतात.

१८ फेब्रुवारी

खोबऱ्यावर आज पूर्ण दिवस गेला आणि तो वसूल झाला.

ओलं खोबरं वापरायचं का असं आधी मनात होतं, चव भारीच असते, पण त्यात जवळजवळ निम्मं पाणी. बार दोन दिवसांत आंबेल. सुक्या किसात पाणी जेमतेम ३ टक्के, म्हणून तोच. पाकीट उलटून बघायचं, गोड केलेला कीस पण मिळतो आणि दिसायला अगदी तसाच असतो. खोबऱ्याचं पीठ हा तिसरा प्रकार, चरबी काढून राहिलेलं, ते इतकं पाणी पितं की दोन चमचे घातले तरी बार घशात अडकतो. नकोच.

कीस भाजून आणि न भाजता दोन्ही केलं. न भाजलेला बारमध्ये हरवून जातो, नुसता चोथा लागतो. भाजलेल्याचा वास अख्ख्या बारला लागतो आणि गोडीही थोडी जास्त वाटते, त्यामुळे स्वीटनर कमी पुरतं. पण बदामाबरोबर एकाच ट्रेत घालायचा नाही. बदामाला १६० अंशाला १० ते १२ मिनिटं लागतात, कीस पातळ असतो, १५० ला चार-पाच मिनिटांत कडेने तांबूस व्हायला लागतो आणि त्यानंतरच्या मिनिटात करपतो. मध्ये एकदा हलवायचा आणि रंग बदामी होतोय म्हटलं की लगेच गार ताटात काढायचा, गरम ट्रेत ठेवला तर बाहेर काढल्यावरही भाजत राहतो. भोपळ्याच्या बिया कढईत मंद आचेवर, फुगून तडतडल्या की बस.

बारीक कीस आणि जाड काप यात बारीकच बरा. जाड कापांमुळे वड्या पाडताना सुरी अडखळते आणि तिथूनच बार फुटतो. काप वरून लावायला ठेवले.

१९ फेब्रुवारी

खोबरेल तेल काढून टाकलं. ते साधारण २४ अंशांना वितळतं, म्हणजे त्याच्या जिवावर बार उभा केला तर जरा उकाडा झाला की आडवा. फ्रिजमधून फ्रिजमध्येच जाणाऱ्या बारला ठीक आहे, पिशवीतल्या बारला नाही. शिवाय त्यातलं ८०-९० टक्के फॅट सॅच्युरेटेड, आणि खोबऱ्याच्या किसातून ते येतंच आहे. वरून लावायला काहीतरी हवंच असेल तर कोको बटर, ते ३४ च्या आसपास वितळतं म्हणजे हातात बऱ्यापैकी टिकतं आणि तोंडात विरघळतं.

अक्रोडही बारमधून बाहेर. कारण टिकाऊपणा. त्यातली ओमेगा-३ वाली चरबी हवेने पटकन खवट होते, भाजून बारीक केल्यावर अजूनच. अक्रोड आख्खे, फ्रिजमध्ये, वेगळे खावेत.

२३ फेब्रुवारी

आत्ताचं प्रमाण, दहा बारचं: भाजून जाडसर कुटलेले बदाम ९०, भोपळ्याच्या बिया ५०, भाजलेला कीस ५०, बदाम बटर ११० (नुसत्या बदामाचं, साखर तेल न घातलेलं), व्हे आयसोलेट १००, अॅल्युलोज ७० आणि पाणी ३०, मीठ पाव चमचा, व्हॅनिला. मिठाला कंटाळा करायचा नाही, ते नसेल तर सगळं सपाट लागतं.

अॅल्युलोज आणि पाणी मंद आचेवर फक्त विरघळेपर्यंत, उकळत बसायचं नाही, हे साखरेपेक्षा लवकर तांबूस होतं आणि पाणी उडालं तर आपलं प्रमाण जातं. ते कोमट होईस्तोवर बदाम बटर आणि व्हे हाताने चोळून एकजीव, मग सिरप, मग मीठ-व्हॅनिला, आणि शेवटी बदाम बिया कीस. पीठ हाताला किंचित चिकटलं पाहिजे. कोरडं वाटलं तर चमचाभर पाणी, त्याहून जास्त नाही. ट्रेमध्ये बटर पेपर, त्यावर थापायचं, वरून दुसरा बटर पेपर आणि सपाट बुडाच्या भांड्याने जोर लावून दाबायचं, विशेषतः कोपऱ्यात, कारण सैल कोपरा पहिला सुटतो. वर जड काहीतरी ठेवून फ्रिजमध्ये दोनेक तास, मग सुरीला तेलाचं बोट लावून एका दाबात कापायचं. करवतीसारखं मागेपुढे केलं की बदाम उखडून येतात.

एका बारचा हिशोब: प्रोटीन साडेचौदा ग्रॅमच्या वर, फॅट साडेसोळाच्या आसपास, नेट कार्ब अडीच-तीन, कॅलरीज २२०. प्रोटीनचा वाटा २६-२७ टक्के. म्हणजे ४ तारखेच्या बारपेक्षा ७० कॅलरी कमी आणि प्रोटीन जवळजवळ दुप्पट.

कॅलरीचा आकडा मी फार पवित्र मानत नाही. २०१२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी माणसांना बदाम खायला घालून मोजलं तेव्हा २८ ग्रॅम आख्ख्या बदामातून लेबलवरच्या १७० ऐवजी साधारण १२९ कॅलरीज अंगी लागतात असं निघालं, कारण चावूनही पेशींच्या भिंती सगळ्या फुटत नाहीत आणि काही चरबी तशीच बाहेर जाते. बदाम बटरमध्ये त्या भिंती यंत्राने फोडलेल्या असतात, तिथे ही सूट धरायची नाही. म्हणूनही जाडसर कुटलेले बदाम ठेवलेत, थोडं चावावं लागलं की बार लगेच संपत नाही हे आहेच.

२७ फेब्रुवारी

चार दिवस झालेला बार: घट्ट झालाय पण दातांनी तुटतो, वीट नाही. फॅट आधी चोळण्याचा फरक बघायला थोडं पीठ जुन्या क्रमाने पण थापलं होतं, ते उघड उघड जास्त कडक आहे. दादाला न सांगता दोन्ही दिले, त्याने जुन्या क्रमाचा अर्धा खाऊन ठेवून दिला. पुरावा म्हणून मला तेवढं पुरे.

बाहेर ठेवलेला पण ठीक आहे, तरी मी फ्रिजवरच भर देणार. बुरशी, जंतू यांचा प्रश्न "पाणी किती" यावर नसून त्यातलं मोकळं पाणी किती यावर असतो, त्याला वॉटर अॅक्टिव्हिटी म्हणतात, ती ०.६ च्या खाली असली की काहीच वाढत नाही. ती मोजायचं यंत्र घरात नसतं. म्हणून फ्रिजमध्ये दोन आठवडे, बाकीचे एकेक बटर पेपरात गुंडाळून फ्रीझरमध्ये.

५ मार्च

फ्रीझरमधला काढून बघितला, अर्ध्या तासात खाण्यासारखा होतो, पोत अजिबात बदललेला नाही, उलट न गोठवलेल्या त्याच वयाच्या बारपेक्षा मऊ आहे. म्हणजे केले की लगेच फ्रीझर, आणि लागतील तसे आदल्या रात्री खाली.

डार्क चॉकलेटचा पातळ थर लावून पाहिला. छान दिसतो, पण ८५ टक्केवालं घेतलं तरी कार्ब वाढतात आणि खोबऱ्याचा वास दबतो. मला नको, दादाला हवाय. त्याच्यापुरता अर्ध्या ट्रेला.

ज्यांना द्यायचेत त्यांना नट्स आणि दूध दोन्हीची अॅलर्जी नाही ना हे विचारून घ्यायचं, डब्यावर चिठ्ठी लावायची.

पुढे वाटाण्याच्या प्रोटीनचा बार करायचाय, ज्यांना दूध चालत नाही त्यांच्यासाठी. ते जास्त पाणी पितं आणि कच्च्या वाटाण्याचा वास मागे राहतो, त्यामुळे आत्ताचं प्रमाण जसंच्या तसं चालणार नाही. व्हे १०० च्या जागी वाटाणा ८५, बदाम बटर १२०, पाणी ३५ पासून सुरुवात करते, कोको १० ग्रॅम वास झाकायला. भाजलेला कीस तेवढाच. रविवारी वाट्यांमध्ये आधी.